पंचशीलाच्या मुठीतलं पाखरू

आनंदराज गजभाऱ्यांना हेवा वाटत नसे, असं ते स्वतः सांगत. कचेरीत त्यांच्या मागून लागलेला लिपिक त्यांच्या पुढं गेला, तेव्हा त्यांनी त्याचे दोन पेढे खाल्ले. मेव्हण्यानं तीन मजली घर बांधलं, तेव्हा जिना जरा अरुंद झालाय एवढंच मोजकं मत देऊन ते जेवायला बसले. पण पाखरांच्या बाबतीत मात्र हा माणूस फार कोत्या मनाचा होता. नांदेडच्या आसपास एखादं नवं पाखरू दुसऱ्या कुणाला आधी दिसलं, की त्या दिवशी त्यांना जेवण जात नसे. आणि ते रामलिंग उदगिऱ्याला दिसलेलं असलं, तर दुसऱ्या दिवशीही जात नसे.

रामलिंगचं मोंढ्याच्या बाजारात खताचं दुकान होतं आणि गळ्यात हातभर लांब भिंगाचा कॅमेरा. पाखरं बघायला लागून त्याला चार वर्षं झाली होती. गजभाऱ्यांना अठरा. त्यांच्याकडं एक जुनी दुर्बीण होती आणि नोंदींच्या अकरा वह्या होत्या, लाल शाईत समास आखलेल्या. पण आजकाल वह्या कोण वाचतो? पक्षीमित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर रामलिंगनं खंड्याचा फोटो टाकला की दीडशे अंगठे यायचे. गजभाऱ्यांनी तारीख-वेळ-वाऱ्याची दिशा यांसह सविस्तर नोंद टाकली की तीन यायचे, आणि त्यातला एक पंचशीलाचा असायचा. पंचशीला म्हणजे त्यांची बायको. ती एका दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात परिचारिका होती आणि ड्युटीवरून येऊन झोपताझोपता तो अंगठा देत असे.

अशात गटावर बातमी आली. किनवटकडच्या अभयारण्यात एक दिवसाचं शिबिर होणार होतं. पाखरं जाळीत धरायची, त्यांच्या पायात नंबर कोरलेली कडी घालायची, वजन-मापं घ्यायची आणि सोडून द्यायची. पुढं ते पाखरू कुठं सापडलं की त्या नंबरावरून त्याचा प्रवास कळतो. आणि शिबिरातून जिल्ह्यातल्या एकाच माणसाची निवड होणार होती. त्या माणसाला वर्षभराचं शिक्षण आणि त्यानंतर स्वतः कडी घालायचा परवाना.

एकच माणूस. गजभाऱ्यांनी ती ओळ तीनदा वाचली. अठरा वर्षं त्यांनी पाखरं लांबून बघितली होती. एकालाही त्यांचा हात लागला नव्हता. कचेरीत फाईल पुढं सरकवताना, गाडीला किक मारताना, अंघोळीला पाणी काढताना कधीकधी त्यांच्या मनात यायचं, मुठीत धरल्यावर पाखरू कसं लागत असेल? हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पन्नाशीच्या वरिष्ठ लिपिकानं सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती. पण परवाना मिळाला असता तर ते सरकारी काम झालं असतं, आणि सरकारी कामात लाजायचं काही कारण नसतं.

अर्ज भरायला ते गेले तर अट क्रमांक सात आडवी आली. प्रत्येक पुरुष स्वयंसेवकासोबत एक महिला स्वयंसेविका अनिवार्य.

"हे कामून?" त्यांनी विचारलं.

"वरून आलंय," खिडकीतला माणूस म्हणाला. सत्तावीस वर्षं हेच उत्तर ते स्वतः लोकांना देत आले होते, त्यामुळं पुढं वाद घालता आला नाही. रामलिंगनं अर्ज 'छायाचित्रण' या गटातून भरला होता. त्या गटाला अट क्रमांक सात नव्हती.

मग वैद्यकीय दाखला. 'अर्जदार पक्षी हाताळण्यास सक्षम आहे' असं डॉक्टरनं लिहून द्यायचं होतं. डॉक्टरनं लिहिलं, 'हृदय ठीक. पक्ष्यांविषयी मत देता येत नाही.' तो दाखला परत आला. दुसऱ्यावर शिक्का उलटा बसला म्हणून तोही परत आला. तिसऱ्या खेपेला डॉक्टरनं वैतागून 'सर्व प्राणिमात्र हाताळण्यास सक्षम' असं लिहून दिलं आणि ते चाललं.

पंचशीलाला त्यांनी जेवताना सांगितलं. "तुला फक्त बसायचं हाय तिथं. कागदोपत्री."

"बसायला मिळतंय का? मंग येते की," पंचशीला म्हणाली. वॉर्डात तिला बारा तास बसायला मिळत नसे.

शिबिराला येताना प्रत्येकानं दहा सुती पिशव्या आणायच्या होत्या, तोंडाला नाडी असलेल्या. जाळीतलं पाखरू मोजणी होईपर्यंत पिशवीत शांत राहतं. ही गोष्ट शेजारच्या व्यंकटरावांच्या कानावर गेली. व्यंकटराव निवृत्त तलाठी होते आणि कॉलनीतल्या कुठल्याही कामात पहिला सल्ला त्यांचा असे. बहुतेक वेळा दुसरा आणि तिसराही त्यांचाच असे.

"इकत कामून आणता साहेब? लगनात वाटलेल्या कापडी पिशव्या घरोघरी पडून हायत. मी गोळा करतो."

त्यांनी संध्याकाळपर्यंत साठ पिशव्या आणून टाकल्या. प्रत्येकीवर कमळ, कलश किंवा वधूवरांची नावं आणि खाली 'सप्रेम भेट'. मापाला त्या एवढ्या मोठ्या होत्या की एकीत दोन किलो ज्वारी राहिली असती. गजभाऱ्यांनी डोक्याला हात लावला. पंचशीलानं रात्रपाळी नसलेल्या एका संध्याकाळी त्यातल्या वीस उसवल्या, लहान केल्या, शिवणी बाहेरच्या बाजूला घेतल्या आणि नाड्या ओवल्या. शिवणी बाहेर का, असं गजभाऱ्यांनी विचारलं नाही. ते त्या वेळी पाखरांच्या पायाच्या मापांचा तक्ता पाठ करत होते.

एवढ्यावर व्यंकटराव थांबले नाहीत. कॉलनीतला माणूस जिल्ह्यातून एकटा निवडला जाणार म्हटल्यावर सत्कार व्हायलाच पाहिजे, असं त्यांनी ठरवलं आणि निवड व्हायच्या आधीच बोर्ड छापायला टाकला. 'पक्षीमित्र मा. आनंदराज गजभारे यांचा जाहीर सत्कार.' फोटोतल्या गजभाऱ्यांच्या खांद्यावर छापणाऱ्यानं आपल्या मनानं एक पोपट बसवला होता.

"अजून काही झालं न्हाई, व्यंकटराव," गजभारे म्हणाले.

"होतंय की! तुमच्याबिगर हाय कोण?" व्यंकटराव म्हणाले. हे गजभाऱ्यांना इतकं पटलं की त्यांनी बोर्डाला आणखी विरोध केला नाही.

शिबिराच्या दिवशी पहाटे उजाडताना सगळे अभयारण्याच्या कडेला जमले. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. एका बाजूला साग आणि धावड्याचं रान, दुसऱ्या बाजूला कणसात आलेली ज्वारी, आणि मधल्या मोकळ्या पट्ट्यात बांबूंना ताणून बांधलेल्या बारीक काळ्या जाळ्या. जवळ जाईपर्यंत त्या दिसतच नव्हत्या. रामलिंगला तर जवळ गेल्यावरही दिसल्या नाहीत. पहिली पाच मिनिटं तोच जाळीत होता, कॅमेऱ्यासकट. गजभाऱ्यांचा दिवस फार चांगला सुरू झाला.

शिबिर घेणाऱ्या डॉ. प्रियदर्शनी मूळच्या निलंग्याच्या. डोक्याला मफलर, अंगात पुरुषी स्वेटर, आवाज बेताचा. वीस वर्षं त्या हेच काम करत होत्या.

"तीन गोष्टी," त्या म्हणाल्या. "पाखरू हातात असताना आरडाओरडा करायचा न्हाई. घाई करायची न्हाई. आणि येत नसलं तर येत न्हाई म्हणायचं. इथं लाज पाखराच्या जिवावर बेतते."

तेवढ्यात वनपाल साहेबांनी 'दोन मिनिटं' म्हणून बाईंच्या सत्काराचा कार्यक्रम सुरू केला. आपल्याकडं सत्काराशिवाय कामाला हात लावला तर ते काम झाल्यासारखं वाटत नाही. सूत्रसंचालनासाठी एक शिक्षक मुद्दाम आणले होते. त्यांनी पक्षी आणि मानव या विषयावर सात मिनिटं घेतली. शाल आली, नारळ आला, वनपालांचं मनोगत सुरू झालं, आणि मागं जाळीत बुलबुल ओरडू लागला. बाई शाल अंगावर घेऊन तशाच पळाल्या. नारळ वनपालांच्या हातात राहिला. मग ती शाल थंड वारा अडवायला पिशव्यांच्या दोरीवर टाकली गेली, आणि सगळ्या सत्कारात तेवढंच एक उपयोगाचं झालं.

"ह्या पिशव्या कुणी शिवल्या?" बाईंनी विचारलं. त्यांनी पिशवी उलटी करून बघितली. "शिवणी बाहेर घेतल्यात. आत दोरा राहिला की पाखराच्या नखात गुंततो. हे सांगावं लागतं लोकांना."

"लहान लेकराच्या झबल्याला तशाच घेतात, मॅडम," पंचशीला म्हणाली. "आतून टोचत न्हाई मंग."

गजभारे हसले. बायकोचं कौतुक झालं तर नवऱ्यानं हसायचं असतं, हे त्यांना माहीत होतं. पण पक्षी या विषयावरचं दिवसातलं पहिलं कौतुक त्यांचं नव्हतं.

मग सरावाला सुरुवात झाली. आधी खरं पाखरू नाही, ज्वारीच्या ताटाची बारीक काडी. तिच्याभोवती ॲल्युमिनियमची कडी ठेवायची, विशिष्ट पकडीनं दाबायची, दोन्ही टोकं नीट मिळाली पाहिजेत, काडीला ओरखडा उठता कामा नये, आणि कडी फिरली पाहिजे. गजभाऱ्यांना पायांच्या मापांचा अख्खा तक्ता पाठ होता. त्यांनी कडी धरली आणि त्यांचा हात थरथरायला लागला. पहिली कडी चपटी झाली. दुसरी गवतात उडाली आणि चार माणसं तिला शोधायला लागली, कारण प्रत्येक कडीचा नंबर सरकारी होता. तिसरीला काडीच मोडली.

"काडीचा पाय गेला, साहेब," रामलिंग म्हणाला. त्यानं त्याचा फोटोही काढला.

बाईंनी गजभाऱ्यांकडं बघितलं. "तुमचं अक्षर कसं हाय?"

"अक्षर चांगलं हाय," गजभारे म्हणाले, आणि म्हणताक्षणी त्यांना कळलं की घात झाला. दोन मिनिटांत ते टेबलामागं नोंदवही घेऊन बसले होते. कडी नंबर, जात, नर-मादी, पंख, वजन, वेळ. अठरा वर्षं ज्या दिवसाची वाट बघितली, त्या दिवशीही ते लिपिकच राहिले.

आणि कागदोपत्री बसायला आलेली पंचशीला? तिला बाईंनी काडी दिली. तिनं एका दमात कडी बसवली. दुसरी बसवली. तिसरी बसवताना ती वनपालांच्या बायकोच्या तब्येतीची चौकशी करत होती.

"कुठं शिकला हो?" बाईंनी विचारलं.

"रोज आठ-दहा लेकरांच्या हाताला नावाच्या पट्ट्या बांधते, मॅडम. ती काडीपेक्षा जास्त हालतात."

बाईंनी तिच्या हातात खरा बुलबुल दिला. मान पहिल्या दोन बोटांच्या मधे, पाठ तळव्याला, मूठ सैल. एकदा दाखवलं, पुन्हा दाखवावं लागलं नाही. बुलबुल चोच वासून ओरडत होता. पंचशीला खाली वाकली आणि म्हणाली, "आलास का बाळा? काही न्हाई होत. झालं, झालं, एवढा वाळा घालू दे."

आणि तो गप्प झाला! गजभाऱ्यांनी हे डोळ्यांनी बघितलं. काळा तुरा, बुडाखाली लाल ठिपका, त्यांनी वह्यांमध्ये हजार वेळा लिहिलेला तो बुलबुल त्यांच्या बायकोच्या मुठीत मान कलती करून तिच्याकडं बघत होता. पकड दाबली, कडी बसली, मूठ उघडली आणि तो उडाला.

"लिहिलं का हो?" पंचशीलानं विचारलं.

"लिहून राहिलो," गजभारे म्हणाले. त्यांच्या सुंदर अक्षराला त्या ओळीत पहिल्यांदा खाडाखोड झाली.

त्यानंतर दोन तास त्यांनी जे सोसलं ते कुणाही नवऱ्यावर येऊ नये. शिंपी पक्षी आला, पंचशीलानं वाळा घातला. चष्मेवाला आला, पंचशीलानं वाळा घातला. आठ ग्रॅमचं पाखरू तिच्या मुठीतून सुखरूप जात होतं आणि प्रत्येकाशी ती बोलत होती. बाळा, सोन्या, राणी, काही न्हाई होत. गजभाऱ्यांच्या लक्षात आलं की या आवाजात ती आपल्याशी शेवटचं कधी बोलली हे त्यांना आठवत नाही. घरात तिचा आवाज असायचा तो 'गॅस संपलाय' आणि 'ती वही उचला' याचा. आतापर्यंत त्यांना बायकोचा हेवा वाटत होता. आता पाखरांचाही वाटू लागला. एका वटवट्याला ती 'शहाणं गं माझं' म्हणाली, तेव्हा त्यांनी त्याचं वजन अर्धा ग्रॅम कमी लिहिलं आणि मग मनाची लाज वाटून दुरुस्त केलं.

नऊच्या सुमाराला ज्वारीतून आरोळी उठली. शेजारचं शेत साखराबाईचं होतं. सत्तरीची म्हातारी माळ्यावर उभी राहून गोफण फिरवत होती. ज्वारीवर पाखरांचा थवा बसला की ती दगड सोडायची आणि असा आवाज काढायची की रानातली माकडंसुद्धा गप्प व्हायची. त्या आरोळीसरशी अख्खा थवा ज्वारीतून उठला आणि सरळ जाळ्यांत येऊन पडला. एका वेळी साठ-सत्तर पाखरं. जाळी जमिनीला टेकली. सगळे धावले. पिशव्या कमी पडल्या, दोरीवर 'शुभविवाह' आणि 'सप्रेम भेट' लटकून हालायला लागले, बाई हातांनी खुणा करत होत्या, आणि रामलिंग फ्लॅश पाडून फोटो काढत होता. तिसऱ्या फ्लॅशला बाईंनी कॅमेरा काढून घेतला आणि शिबिर संपेपर्यंत वनपालांकडं जमा केला. एरवी गजभाऱ्यांना यानं महिनाभर पुरेल एवढा आनंद झाला असता. पण ते धाप लागेपर्यंत लिहीत होते.

थोड्या वेळानं साखराबाई स्वतः आली, गोफण खांद्यावर टाकून. तिनं पाखरं धरलेली बघितली आणि तिचा चेहरा उजळला.

"लई चांगलं केलं बाई. समदी धरली का?"

"धरली, मावशी," डॉ. प्रियदर्शनी म्हणाल्या. "आता सोडून देऊन राहिलो."

"सोडून?" साखराबाईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "माझी ज्वारी खाणारी पाखरं धरता, वाळे घालता, अन् माझ्याच शेतात परत धाडता? लेकी हायत का त्या तुमच्या, दिवाळसणाला आल्यावाणी?" तिनं टेबलामागच्या गजभाऱ्यांकडं मोर्चा वळवला. "अन् तुमी काय लिव्हून राहिले? माझं किती खाल्लं ते लिव्हा त्याच्यात!"

त्या रकान्याची सोय नाही, असं गजभाऱ्यांनी नम्रपणे सांगितलं. शेवटी पंचशीलानं तिला शेजारी बसवलं, चहा दिला, आणि एक मुनिया तिच्या खडबडीत तळव्यावर ठेवली. म्हातारीनं ती डोळ्यांजवळ नेली. "एवढीशी हाय होय ही," म्हणाली, आणि मग तिनं ती हलकेच वर सोडली. गजभारे बघत होते. आता शेजारच्या शेतातल्या बाईच्या हातातसुद्धा पाखरू येऊन गेलं होतं. त्यांच्या हातात पेन होतं.

दुपारी दोनला जाळ्या उतरल्या आणि निवडीची वेळ आली. रामलिंग फ्लॅशमुळं बाद झाला होता. इतर स्वयंसेवकांत कुणाला पाखरांच्या चिवचिवाटानं डोकं दुखत होतं, कुणाला बस गाठायची होती. राहिले दोघं, आणि दोघंही एकाच घरातले.

"हात तर ताईंचेच," बाई म्हणाल्या. "असे हात मी वीस वर्षांत तीन-चारदाच बघितले. पण नुसत्या हातांवर परवाना देता येत न्हाई. पाखरू ओळखता आलं पाहिजे. ताई, तुमचा अभ्यास?"

"अभ्यास कसला मॅडम. माझा काहीच न्हाई."

गजभाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. आता त्यांची वेळ होती. शेवटच्या काही पिशव्या मोजायच्या राहिल्या होत्या. बाईंनी एक पिशवी उघडली, पाखरू बाहेर काढलं. "हे कोण?"

"गप्पीदास," पंचशीला म्हणाली. "मादी. नर काळा असतो. थंडीत येतो हा, कुंपणाच्या तारेवर बसून शेपटी हालवतो."

गजभाऱ्यांनी मान वर केली. हे वाक्य त्यांचं होतं. शब्द न् शब्द त्यांचं.

दुसरी पिशवी. "लाल डोक्याचा भारीट. लई लांबून येतो, डोंगर ओलांडून. होळी झाली की परत जातो." तिसरी. "वटवट्या. ह्याची शेपटी उन्हाळ्यात आखूड होते अन् हिवाळ्यात लांब."

चहा टाकताना, पोळ्या लाटताना, गणवेशाला इस्त्री करताना तिची पाठ त्यांच्याकडं असायची आणि ते वही उघडून बोलत राहायचे. ही ऐकत नाही, असा त्यांचा अठरा वर्षांचा पक्का समज होता. तिनं सगळं ऐकलं होतं, याचा त्यांना आनंद झाला. त्याच वेळी हेही खरं की परवाना हातचा जाताना त्यांना स्पष्ट दिसत होता, आणि त्यांच्याच वाक्यांनी तो चालला होता.

बाईंनी शेवटची पिशवी उघडली. मातकट, रेघारेघांचं पाखरू, जाड चोच. त्यांनी ते पंचशीलाच्या हातात दिलं. पंचशीलानं त्याच्याकडं बघितलं, मग का कोण जाणे गजभाऱ्यांकडं बघितलं, आणि म्हणाली, "चिमणी. मादी."

"नीट बघा," बाई म्हणाल्या.

"चिमणीच मॅडम."

"सुगरण हाय ही. पावसाळ्यात नराला पिवळा रंग येतो, आता उतरलाय."

"पण सुगरणी थंडीत इथं नसतात ना? कर्नाटकात जातात."

टेबलाभोवतीचे सगळे हसले. बाईसुद्धा हसल्या. "कोण म्हणलं तुम्हाला? कुठं जात न्हाईत त्या. रंग उतरला की चिमणीवाणी दिसतात, एवढंच. हे कुणी शिकवलं?"

गजभाऱ्यांच्या कानातून गरम हवा गेल्यासारखं झालं. 'सुगरणीचे हिवाळी स्थलांतर' हा त्यांचा लेख एका स्मरणिकेत फोटोसह आला होता. त्यावर त्यांनी अकरा शाळांमध्ये भाषणं दिली होती. हिवाळ्यात पिवळं पाखरू दिसेनासं झालं म्हणजे ते गेलं, आणि गेलं तर जवळ कर्नाटकच, असा तो सगळा शोध होता. शेवटच्या भाषणाला रामलिंग पहिल्या रांगेत होता. आताही तो समोरच उभा होता, कॅमेरा नसल्यामुळं नुसता डोळ्यांनी बघत.

"कुणी न्हाई शिकवलं मॅडम," पंचशीला म्हणाली. "ह्यांनी बरोबरच सांगितलं असंल. माझ्याच ध्यानात न्हाई राहिलं."

बाईंनी उसासा टाकला. "मंग अवघड हाय. चुकीची जात लिहिली की पुढची सगळी नोंद वाया जाते. हात शिकवता येतील गजभारे साहेबांना, वेळ लागंल तेवढा लागंल. जागा त्यांनाच देऊ. लिहा साहेब, तुमचंच नाव लिहा."

झालं! सत्कार, परवाना, मुठीतलं पाखरू, सगळं एका ओळीवर आलं होतं, आणि ती ओळ लिहायचं पेनही त्यांच्याच हातात होतं. गजभाऱ्यांनी टोपण काढलं. त्यांनी थोडा वेळ वाट बघितली. रामलिंगनं तोंड उघडावं, अशी त्यांची मनापासून इच्छा होती, म्हणजे मग आपल्याला उघडावं लागणार नाही. जन्मात पहिल्यांदा रामलिंग गप्प राहिला. पंचशीला सुगरणीला दोन बोटांत धरून खाली मान घालून उभी होती.

"मॅडम," गजभारे म्हणाले, आणि त्यांचा आवाज चिरकला. "ते कर्नाटकाचं मी शिकवलं. तिचं काही चुकलं न्हाई. चौदा वर्षं झाली, मीच सांगून राहिलो सगळ्यांना. छापून पण आलंय."

कुणी हसलं नाही, हे त्यांना जास्त लागलं.

"म्हणजे ताईंना आलं ते तुमचं," बाई सावकाश म्हणाल्या, "अन् चुकलं ते पण तुमचंच."

"हाव."

"मंग जागा ताईंची. चुकीचं शिकलेलं मी एका दुपारात काढीन. लिहा."

गजभाऱ्यांनी लिहिलं. श्रीमती पंचशीला आनंदराज गजभारे. अक्षर नेहमीसारखं सुंदर आलं, हात जराही हालला नाही. बाईंनी मग ती सुगरण त्यांच्याकडं पुढं केली. "तुमी सोडा हिला." पण त्यांनी ओंजळ करेपर्यंत सुगरणीनं त्यांच्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला आणि ती उडून गेली. कर्नाटकाकडं नाही, सरळ साखराबाईच्या ज्वारीत.

किनवटहून चारची एसटी मिळाली. गजभारे खिडकीशी बसले होते. वाटेत व्यंकटरावांचा फोन आला. निवड पंचशीलाची झाली हे ऐकून ते म्हणाले, "बोर्ड तर छापून आला साहेब. आता नावापुढं 'यांच्या पत्नी' एवढं चिकटवू. पोपट राहू देऊ."

फोन ठेवल्यावर गजभाऱ्यांना मात्र हलकं वाटत होतं. अपमान झाला होता, परवाना गेला होता, अंगठा ठणकत होता. पण आपण आज एक मोठं काम केलं, अशी त्यांची खात्री होत चालली होती. हातात आलेलं त्यांनी सोडून दिलं होतं, आणि तेही रामलिंगसमोर. पंचशीलानं याबद्दल दोन शब्द बोलावेत, म्हणून ते हिमायतनगरपर्यंत वाट बघत राहिले. तिथं गाडी चहाला थांबली, तेव्हा त्यांनीच विषय काढला.

"त्या सुगरणीचं मला तिथं कबूल करावं लागलं. लोक न्हाई करत."

"हाव," पंचशीला म्हणाली. "चांगलं केलं तुमी. मला न्हाई वाटलं करताल."

"तुला चिमणी वाटली, त्यात तुझा काही दोष न्हाई."

पंचशीलानं चहाचा घोट घेतला. "मला चिमणी कुठं वाटली?"

"म्हणजे?"

"सुगरण होती ती. चोच बघितली की कळतंय. आमच्या वॉर्डाच्या मागं बाभळीवर खोपे हायत त्यांचे. बारा महिने तिथंच असतात. दोन सालापासून बघून राहिले मी."

गजभाऱ्यांनी उरलेला चहा एका घोटात संपवला. "मंग मला कामून सांगितलं न्हाई?"

"शाळेत तुमी कर्नाटकाचं सांगायचे, तवा पोरं लई खुश व्हायची."

"अन् आज? आज चिमणी कामून म्हणलीस?"

पंचशीलानं रिकामा कप त्यांच्या कपात ठेवला. "सकाळपासून तुमचं तोंड बघून राहिले होते मी," ती म्हणाली. "अन् मागून ते पाखरू सोडायला तुमी कसं हात पुढं केले, ते बघायला पाहिजे होतं तुमी. मला काय, मला रोज लेकरं असतात हातात."

गाडी सुटली. गजभारे पुष्कळ वेळ खिडकीतून बाहेर बघत बसले, पण तारेवरची पाखरं त्यांनी मोजली नाहीत. आयुष्यात एकदाच त्यांनी स्वतःचं नुकसान सोसून दुसऱ्याचं भलं केलं होतं, आणि त्या कामातही बायको त्यांच्या पाच मिनिटं आधी जाऊन आली होती. त्यांना तिचा इतका हेवा वाटला की ते सीटवर सरकून तिच्या अगदी जवळ बसले.